उन्हाळ्यातली घरची थंड कॉफी: पाणचट होते, वर लोणी येतं, कोल्ड ब्रू आंबूस लागते. काय चुकतंय?

वऱ्हाडकर:

अकोल्यात दुपारी पारा ४४ च्या वर आहे, घरात गरम कॉफी कोणी मागत नाही. थंड कॉफी तीन तऱ्हांनी करून पाहिली, तिन्हींत काहीतरी बिघडतंय. मापं जशी घेतली तशी देतो.

१) मिक्सरची: इन्स्टंट कॉफी २ चमचे, साखर ३ चमचे, गरम पाणी ५० मिली, तापवून फ्रिजमध्ये गार केलेलं म्हशीचं दूध २५० मिली, बर्फाचे ८ खडे. सगळं एकत्र टाकून मिक्सर २ मिनिटं. वर पिवळसर कण तरंगतात, जिभेला तुपकट लागतात. चवही पाणचट.

२) फिल्टरची: स्टीलच्या साउथ इंडियन फिल्टरमध्ये डिकॉक्शन काढून, गरम असतानाच बर्फ भरलेल्या ग्लासात ओतलं, वर गार दूध, मग साखर. साखर तळाशी तशीच राहते आणि कॉफीचा फक्त रंग उरतो.

३) कोल्ड ब्रू: तीच फिल्टर कॉफी पावडर गार पाण्यात २४ तास ओट्यावर झाकून ठेवली, मलमलच्या फडक्यातून गाळली. गढूळ, तुरट, किंचित आंबूस.

मशीन नाही, घ्यायचंही नाही. मिक्सर, फिल्टर, फ्रिज आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे.

मथनी:

पहिल्या प्रकाराबद्दल लिहिते.

वर येणारे कण म्हणजे लोणीच आहे, दुसरं काही नाही. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. ते तापवून गार केलं की साय धरते, आणि त्या सायीसकट गार दूध २ मिनिटं मिक्सरमध्ये फिरवणं म्हणजे ताक घुसळण्याचीच कृती झाली. घरी मिक्सरवर लोणी काढणारे हेच करतात, बर्फाचं पाणीसुद्धा घालतात. तेव्हा दूध फ्रिजमधून काढल्यावर आधी साय बाजूला करा, मग बारीक गाळणीतून दूध गाळून घ्या. गाळणीत अडकणारे सायीचे धागेच पुढे कण होतात. आणि दूध पडल्यावर मिक्सर २० ते २५ सेकंदांच्या वर नको. पिशवीचं दूध घेणार असाल तर पाकिटावर होमोजिनाइज्ड लिहिलेलं बघा. त्यात फॅटचे थेंब आधीच बारीक फोडलेले असतात, ते सहसा लोण्यावर येत नाही. ३ टक्के फॅटचं टोण्ड दूध या कामाला चांगलं. फेस दुधातल्या प्रोटीनमुळे धरतो, सायीमुळे नाही.

आता पाणचटपणा. ट्रेमधला मध्यम खडा साधारण १८ ग्रॅमचा धरला तर ८ खडे म्हणजे १४४ ग्रॅम. त्यात तुमचं ५० मिली पाणी. म्हणजे ४४४ ग्रॅमच्या पेयात १९४ ग्रॅम, ४४ टक्के, वरून घातलेलं पाणी आहे. कॉफी वाढवून हे भरून निघत नाही, कारण पातळ झालेलं असतं दूध. कॉफी वाढवली की नुसता कडूपणा चढतो.

एका उंच ग्लासासाठी असं करा:

इन्स्टंट कॉफी ४ ग्रॅम (छोटे सपाट २ चमचे), साखर १२ ग्रॅम, कोमट पाणी २० मिली. हे तिन्ही चटणीच्या भांड्यात. मोठ्या भांड्यात एवढं पाणी पात्यापर्यंत पोचतच नाही, कडेला उडून चिकटतं. १० सेकंद फिरवायचं, झाकण उघडून कडेचं खाली ओढायचं, पुन्हा १० सेकंद, असं तीन-चार वेळा. सुरुवातीला ते काळपट, पातळ दिसतं. दुसऱ्या फेरीत कडेला बुडबुडे धरतात, आणि चौथ्या फेरीपर्यंत रंग बदामी होतो, चमच्यावरून धार न पडता थेंब लोंबकळतो. तिथे थांबा. साखर अजिबात घातली नाही तर हा फेस धरतो पण पाच मिनिटांत बसतो, म्हणून साखर कमी करायची तर ६ ग्रॅमपर्यंतच.

मग २०० मिली गाळलेलं, अगदी गार दूध घालून २० सेकंद. बर्फ मिक्सरमध्ये नको. चटणीच्या भांड्याचं पातं छोटं असतं, अख्ख्या खड्यावर अडकतं आणि भांडं मोटरला जोडणारा खालचा कपलर झिजतो. गारव्यासाठी दुधाचेच खडे करून ठेवा: रात्री ट्रेमध्ये दूध ओतायचं, सकाळी तयार. ग्लासात असे चार खडे टाकून त्यावर कॉफी ओता. वितळलं तरी दूधच वितळणार.

आइस्क्रीम घालायचं असेल तर एक स्कूप व्हॅनिला, आणि साखर निम्मी.

एक सांगायचंच आहे: कढत पाणी मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावू नका. वाफेच्या दाबाने झाकण उडतं. पाणी बोट बुडवता येईल इतकंच कोमट हवं, इन्स्टंट कॉफी तेवढ्यात पूर्ण विरघळते.

डिकॉक्शन:

दुसरा प्रकार माझ्या आवडीचा आहे, म्हणून सविस्तर.

गरम कॉफी बर्फावर ओतली की काय होतं ते हिशेबानेच बघा. १ ग्रॅम पाणी १ अंशाने गार व्हायला १ कॅलरी काढून घ्यावी लागते. १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी ओढतो, फ्रीजरचा आणखी गारवा धरला तर ९० च्या आसपास. आता ८० अंशांची १०० मिली कॉफी ५ अंशांवर आणायची तर ७५०० कॅलरी काढायच्या, म्हणजे ८३ ग्रॅम बर्फ त्यातच वितळून जाणार. तीच कॉफी आधी खोलीच्या तापमानाला, तुमच्याकडे समजा ४० अंशांवर आली असेल, तर ३९ ग्रॅम. आणि फ्रिजमधून ८ अंशांवर काढली असेल तर फक्त ३-४ ग्रॅम. बर्फाचं काम कॉफी गार ठेवणं, गार करणं नव्हे. गार करायचं काम फ्रिजला द्या.

डिकॉक्शन असं काढा. वरच्या भांड्यात ३० ग्रॅम पावडर, हलकेच थोपटून सपाट करायची, त्यावर दांडीची चकती नुसती टेकवायची. चकती दाबली की थेंब पडायचेच बंद होतात. उलट पावडर मोकळी सोडली तर पाच मिनिटांत सगळं पाणी खाली उतरतं आणि डिकॉक्शन पातळ येतं. उकळी येऊन अर्धा मिनिट थांबलेलं पाणी १५० मिली घ्या. आधी ३० मिली गोल फिरवत ओता, एक मिनिट थांबा, पावडर फुगते, मग उरलेलं ओता, झाकण लावा. २० ते २५ मिनिटं लागली पाहिजेत. ३० ग्रॅम पावडर ६० मिलीच्या वर पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली ८० ते ९० मिलीच मिळेल. कमी वाटतं म्हणून दुसऱ्यांदा पाणी ओतून त्यातच मिसळू नका. ते दुसरं पाणी गरम कॉफीत चालून जातं, गार कॉफीत त्याचा नुसता तुरटपणा जाणवतो.

लगेच खालचं भांडं झाकण लावून परातीतल्या बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, मग फ्रिजमध्ये. झाकण विसरू नका. डिकॉक्शन फ्रिजमधला कांदा-लसणाचा वास पटकन धरतं. दुसऱ्या दिवसापर्यंत चव चांगली राहते, तिसऱ्या दिवशी वास गेलेला असतो.

ग्लासाचं माप: गार डिकॉक्शन ४० मिली, गार दूध १५० मिली, बर्फाचे ३ खडे. गरम कॉफीला तुम्ही जेवढं डिकॉक्शन घालता त्याच्या सव्वापट धरा, कारण गार पेयात गोडी आणि वास दोन्ही जिभेला कमी लागतात.

चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचं: पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं. आपल्याकडे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. दुधाच्या गार कॉफीला ८०:२० किंवा ७०:३० छान, चिकोरीमुळे दाटपणा येतो आणि बर्फाचं पाणी थोडं झाकलं जातं. बिनदुधाची करायची असेल तर चिकोरी अजिबात नको.

जाडीभरडी:

कोल्ड ब्रूच्या तीन चुका, तिन्ही एकाच बरणीत.

पहिली म्हणजे ओटा. खोलीच्या तापमानाला ठेवायचं असं कृतींत लिहिलेलं असतं ते थंड हवेच्या ठिकाणांसाठी. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, आणि ४० अंशांच्या खोलीत २४ तास म्हणजे त्यांना हवं तेच. आंबूस वास तिथूनच. तो घोट टाकून द्या, गाळून वापरू नका. उन्हाळ्यात कोल्ड ब्रू पहिल्या मिनिटापासून फ्रिजमध्येच.

दुसरी दळण. फिल्टरची पावडर बारीक असते, गार पाण्यातही इतक्या तासांत त्यातून तुरटपणा उतरतो आणि मलमल ती अडवत नाही. तिसरी म्हणजे चिकोरी. ती पाण्यात फुगून चिकट होते आणि गाळणं तुंबवते.

कॉफी दळून देणाऱ्या दुकानात शंभर टक्के कॉफी, फ्रेंच प्रेससाठी जाडसर, असं सांगा. दाणा इडली रव्याएवढा हवा. घरी मिक्सरवर करायचं तर बिया एका वेळी २५ ग्रॅमच, एक-एक सेकंदाचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, मग रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहील ते कोल्ड ब्रूला, खाली पडेल ते फिल्टरला.

माप: ५० ग्रॅम भरड, ४०० मिली पाणी, काचेची बरणी. ओतल्यावर भरड वर तरंगते, कारण ताज्या भाजलेल्या कॉफीत वायू असतो. पाच मिनिटांनी लाकडी चमच्याने खाली दाबून ढवळा, नाहीतर वरचा थर कोरडाच राहतो आणि अर्धी कॉफी वाया जाते. फ्रिजमध्ये १६ तास. १२ ला पातळ लागते, २० च्या पुढे लाकडासारखी चव येऊ लागते. भरड १०० मिली पाणी पिऊन बसते, हाती ३०० मिली अर्क येतो. फडकं पिळू नका. पिळलं की गाळ उतरतो, आणि तुमचा गढूळपणा निम्मा त्यामुळेच आहे. निथळू द्या, दोन तास फ्रिजमध्ये स्थिर ठेवा, वरचं अलगद दुसऱ्या बाटलीत ओता.

प्यायला अर्क ८० मिली, गार पाणी ५० मिली, बर्फाचे २-३ खडे. दुधासोबत ८० ला १००. बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, दूध मिसळलेलं मात्र त्याच दिवशी संपवायचं.

अर्क नुसता पिऊ नये. कॉफीच्या दोन जाती: अरेबिकात कॅफिन साधारण सव्वा टक्का, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. रोबस्टा वापरलीत तर ८० च्या जागी ५० मिलीच घ्या.

बिया चिकमगळूर किंवा कोडगूच्या अरेबिका, मध्यम भाजलेल्या. तुम्ही अकोल्याचे, म्हणून सांगावंसं वाटतं: चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे. तिकडे गेलात आणि तिथली मिळाली तर याच मापाने करून बघा.

डिकॉक्शन:

जाडीभरडी, एक भर घालू का? गार पाण्यात वास कमी उतरतो ही कोल्ड ब्रूची उणीव आहेच. त्या ४०० मधलं ५० मिली पाणी उकळून किंचित निवलेलं घ्या, भरडीवर ओतून एक मिनिट थांबा, मग उरलेलं ३५० फ्रिजमधलं गार पाणी. वासात फरक कळतो.

जाडीभरडी:

मान्य. फक्त गार पाणी खरंच फ्रिजमधलं हवं, माठातलं नको, म्हणजे बरणी कोमट राहणार नाही. आणि तास १४ करा, गरम पाण्याने सुरुवात लवकर होते.

खडीसाखर:

साखरेचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

गार कॉफीत साखर ढवळत बसू नका, पाक करून ठेवा. २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, मंद आच, साखर विरघळली की लगेच बंद. एकतारी होऊ द्यायचा नाही. तार आली की फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाशी खडे धरतात. मोठा चमचाभर, १५ मिली, पाकात साधारण ९ ग्रॅम साखर असते, म्हणजे सव्वादोन छोटे चमचे. कोरड्या, स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये दोन आठवडे.

गूळ आवडत असेल तर त्याचाही असाच पाक, पण गाळून, कारण काडीकचरा निघतो. गुळात आंबटपणाचा अंश असतो, गरम दुधात घातला तर दूध फाटू शकतं. पाक आणि दूध दोन्ही पूर्ण गार असताना मिसळा.

कणभर मीठ. खरंच कणभर, दोन बोटांच्या चिमटीच्याही अर्धं. कडूपणा उतरतो आणि साखर कमी लागते.

वऱ्हाडकर:

सगळ्यांचे आभार, मापं वहीत उतरवून घेतली. आणखी तीन प्रश्न. बिनदुधाची पण लगेच हवी असेल, १६ तास न थांबता, तर? शहाळ्याच्या पाण्यात कॉफी घालतात म्हणे, ते कसं? आणि रविवारी दहा जण येणार आहेत, त्यात दुपारी वीज जाते.

डिकॉक्शन:

लगेचची: वर मी बर्फ वितळू देऊ नका म्हटलं, इथे तो मुद्दाम वितळवायचा, पण मोजून. गाळणीत कागदी फिल्टर, त्यात २० ग्रॅम बिनचिकोरीची कॉफी, दळण बारीक रव्याएवढं. खालच्या भांड्यात १२० ग्रॅम बर्फ, काट्यावर मोजलेला. वरून १८० मिली कढत पाणी, आधी ४० मिली, अर्धा मिनिट थांबून उरलेलं तीन वेळा. तीन मिनिटांत व्हायला हवं. पाण्यातला हिस्सा आधीच कमी केलेला असल्यामुळे बर्फ वितळून कॉफी बरोबर मापावर येते. खालचं भांडं स्टीलचं घ्या, काचेला गरम-गारचा झटका नको. ग्लासात नवे दोन खडे टाकून ओता. हिचा वास कोल्ड ब्रूपेक्षा मोकळा असतो.

जाडीभरडी:

शहाळं: १५० मिली गार पाणी ग्लासात, दोन खडे, आणि ५० मिली कोल्ड ब्रू अर्क चमच्याच्या पाठीवरून सावकाश. शहाळ्याच्या पाण्यात साखर असल्यामुळे ते जड पडतं, कॉफी वर तरंगते, खाली पांढुरकं आणि वर तपकिरी असे दोन थर दिसतात. पातळ मलईचे तुकडे घाला. जून नारळाचं पाणी घेऊ नका, त्याची खारट चव कॉफीशी जमत नाही. यात इन्स्टंटही नको, तिचा करपट कडूपणा वर येतो.

मथनी:

दहा जणांसाठी, प्रत्येकी साधारण २०० मिली: इन्स्टंट ४० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, कोमट पाणी १६० मिली. हे मोठ्या भांड्यात दोन हप्त्यांत बदामी होईपर्यंत फेटायचं, डब्यात भरून फ्रिजमध्ये. दोन-तीन तासांत थोडं बसतं, चमच्याने ढवळलं की पुरतं. दूध २ लिटर, आदल्या रात्री तापवून, गाळून, शक्य तितकं गार. पाहुणे आल्यावर २०० मिली दुधाला मोठे २ चमचे फेटलेलं मिश्रण, झाकणाच्या बाटलीत २० वेळा जोरात हलवायचं. विजेची गरज नाही, मिक्सर लागत नाही, आणि लोणीही येत नाही, कारण इतक्या थोड्या वेळात फॅटचे थेंब एकत्र येत नाहीत.

वीज जाण्याआधी दूध बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत किंवा थर्मासमध्ये ठेवा. फ्रिज सारखा उघडू नका. फ्रिजबाहेर तासभर राहिलेलं दूध एप्रिल-मेमध्ये वासावर बरं वाटलं तरी कॉफीतल्या आंबटपणाने फुटू शकतं. एका ग्लासात तपासून मगच सगळ्यांना करा.

खडीसाखर:

बर्फाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा करा, गोठवल्याने जंतू मरत नाहीत. आणि दहा जणांसाठी ट्रे पुरणार नाहीत, तर स्टीलच्या छोट्या वाट्यांत पाणी गोठवा. वाटीचा एक गोळा चार-पाच खड्यांएवढा असतो, पण त्याला पृष्ठभाग कमी, त्यामुळे सावकाश वितळतो. वाटी पाच सेकंद नळाखाली उलटी धरली की सुटतो. वाट्यांवर झाकण हवं, नाहीतर फ्रीजरमधल्या मासळीचा वास थेट कॉफीत.

जाडीभरडी:

आणि मलमलचं फडकं साबणाने धुऊ नका, साबणाचा वास पुढच्या अर्कात उतरतो. नुसत्या गरम पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवा.